नानांचा बंदोबस्त

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या दोन्ही मुली रावेर तालुक्यातच दिलेल्या आहेत आणि दोन्ही जावई वाचणारे आहेत. सावद्यात त्यांना सगळे नाना म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चांगलं ठाऊक होतं, आणि भाजी निवडता निवडता त्या ते मला सांगत.

मी धुळ्याची. ऐंशीच्या दशकात टेलिफोन ऑपरेटर म्हणून सावद्याच्या एक्स्चेंजमध्ये माझी नेमणूक झाली आणि खोली शोधत मी नानांच्या दारात उभी राहिले. एकट्या मुलीला खोली देताना लोक काय काय विचारतात ते मला माहीत होतं, त्यामुळे उत्तरं मी बसमध्येच तयार केली होती. नानांनी त्यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी माझ्या पिशवीतलं नवंकोरं कुलूप उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे कोणासाठी?"

"चोरांसाठी," मी म्हटलं.

"चोर कुलूप उघडतो, काम करतो, परत लावून जातो. तुम्हाला पत्ता लागत नाही. सील मात्र एकदा मोडलं की मोडलं." एवढं बोलून ते आत गेले आणि सुतळी, लाल लाखेची कांडी, मेणबत्ती आणि एक पितळी ठसा घेऊन आले. त्या दिवसापासून मी ड्यूटीला निघाले की माझ्या कडीला सुतळी बांधून नाना तिच्या गाठीवर लाखेचा ठसा मारत. परत आले की आधी ठसा शाबूत असल्याची तपासणी, मग चाकूने सुतळी कापायची, मग मी आत. पावसाळ्यात भिजून आले तरी तपासणी चुकली नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पुढेही यायचा.

नाना भुसावळ डिव्हिजनला मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन सावद्याला आले, पण ड्यूटी सुटली नव्हती. ओट्यावर बसून ते समोरून जाणाऱ्या रावेरच्या एसटीला हिरवा झेंडा दाखवत. ड्रायव्हर लोकही इतके सरावले होते की झेंडा दिसला नाही तर हॉर्न वाजवून विचारत, नाना बरे आहेत ना. माणसांना ते नावाने हाक मारत नसत, हुद्द्याने मारत. मी 'एक्स्चेंज'. पोस्टमन 'टपाल'. अक्कांना ते कधी काय म्हणत असतील कोण जाणे, माझ्यासमोर त्यांना "ऐकलं का" एवढंच असायचं.

लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, देवघरातली पेढ्यांची पुडी, सगळ्याला सील. "सील पाहा, माणूस पाहू नका," हे त्यांचं पालुपद. आणि दुसरं, "संशय हे पाप नाही, संशय ही ड्यूटी आहे." ही ड्यूटी ते निरनिराळे सापळे लावून बजावत. त्याला त्यांचा शब्द होता 'बंदोबस्त'. आणि नानांचा एकही बंदोबस्त मी सरळ पार पडलेला पाहिला नाही.

एकदा दूध कमी होतंय असा त्यांना संशय आला. संशयितांत दूधवाला, मांजर आणि मी, याच क्रमाने. त्यांनी पातेल्याच्या काठाला कपड्याची नीळ लावून ठेवली, म्हणजे जो कोणी तोंड लावील त्याचा पुरावा त्याच्या तोंडावर. सकाळी नाना ओट्यावर येऊन बसले तर त्यांच्या पांढऱ्या मिशा निळ्या. निळीची चव दुधाला लागते का हे पाहायला त्यांनीच पातेलं तोंडाला लावलं होतं. अक्का पदर तोंडात कोंबून हसत होत्या. नानांनी मात्र तीन दिवस मिशा धुतल्या नाहीत, कारण चौकशी पूर्ण व्हायच्या आत पुरावा नष्ट करता येत नाही.

याच घरात मागच्या खोलीत भिकन राहायचा. गावातल्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे शेठच्या, ट्रकवर तो ड्रायव्हर होता. त्याची बायको लता त्या दिवसांत पोटुशी होती, पहिलंच बाळंतपण. भिकन शांत, उंच आणि अतिशय सोशीक माणूस. सोशीक असल्याशिवाय त्याचं नानांशी जमलंच नसतं, कारण भरलेला ट्रक घेऊन तो घरी जेवायला थांबला की नाना ताडपत्रीच्या दोरीच्या गाठीवरही लाख ओतून ठसा मारत. शेठने नाही सांगितलेलं, भिकनने नाही मागितलेलं. भिकन जेवून बाहेर यायचा, ठशाला हात लावून नमस्कार करायचा आणि गाडी काढायचा. "म्हाताऱ्याचा आशीर्वादच आहे तो ताई," असं मला म्हणायचा.

एके दिवशी तो ट्रक केळीसकट नाहीसा झाला.

धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर भिकन जेवायला उतरला होता. हात धुऊन आला तर जागा रिकामी. त्याने पोलीस ठाणं गाठलं आणि पोलिसांनी त्यालाच बसवून घेतलं. शेठने जबानी दिली की ड्रायव्हरनेच गाडी परस्पर विकली असणार. गाडीच्या दोन्ही किल्ल्या त्याच्याकडेच होत्या म्हणे. बातमी गावात पोचली तेव्हा लता हातातलं पीठ तसंच ठेवून ओट्यावर येऊन बसली. ती रडली नाही. तिने नानांकडे पाहिलं आणि विचारलं, "नाना, तुम्हाले काय वाटते?"

नाना आत गेले, सुतळी आणि लाख घेऊन आले आणि त्यांनी लताच्या देखत भिकनच्या खोलीला सील ठोकलं. चौकशी होईपर्यंत संशयिताच्या सामानाला कोणी हात लावायचा नाही. लता बाहेर, तिचं अंथरूण-पांघरूण आत. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे दुसरी खोली पाहण्याचं ठरवलं.

अक्का स्वयंपाकघरातून विळी घेऊन आल्या. त्यांनी एका घावात सुतळी तोडली, लताला हाताला धरून आत बसवलं आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं सील मोडलं मी. लिहा रिपोट." मग त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी नानांनी कधीच सांगितली नसती.

नोकरीत असताना नानांच्या गाडीतली एक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, कोणीतरी फोडली होती. कापडाचे गठ्ठे गेले. नानांवर आळ आला, निलंबन झालं. साहेबाने विचारलं, तुमच्या बाजूने कोण बोलेल? त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं ज्याने गाडी हाकली तो ड्रायव्हर तिथेच उभा होता. "त्यानं खाली पाह्यलं माय," अक्का म्हणाल्या. "मागून चोर सापडले, यांना कामावर घेतलं, सगळं झालं. पन त्या दिवसापासून यांचा मानसावरचा इस्वास उडाला. तवापासून हे लाखेचं येड." मग त्या मुद्दाम मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता भिकनच्या बाजूनं कोन बोलीन?"

पलीकडे ट्रंकेची कडी वाजली.

सकाळी नाना गार्डचा काळा कोट घालून तयार होते. उन्हाळ्याचे दिवस, त्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बगलेत घराचे कागद. ते धुळ्याला गेले आणि भिकनला जामीन राहिले. भिकनने नंतर सांगितलं, न्यायाधीशांनी विचारलं की तुम्ही याला किती ओळखता, तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, माझं सील याने एकदाही मोडलेलं नाही." वकिलाने त्यांना खाली बसवलं.

भिकनला घेऊन ते परत आले, पण परत आलेला भिकन वेगळाच होता. गावात कोणी त्याला गाडी देईना. पाणी भरायला गेलेल्या लतासमोर बायका गप्प होत. ट्रक सापडला नाही तर खटला उभा राहणार, भिकन आत जाणार आणि बाळ बापाशिवाय जन्माला येणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नाना त्याला ओट्यावर शेजारी बसवून घेत आणि एसटीला दाखवायचा झेंडा त्याच्या हातात देत. तो मुकाट्याने दाखवायचा.

नानांनी आता नवीन बंदोबस्त काढला. यावेळी संशय शेठच्या दिवाणजीवर. का, तर दिवाणजी पेढीवर बसूनसुद्धा काळा चष्मा घालतात. "त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय नाना," मी सांगितलं. "सोय म्हणून केलं असेल," नाना म्हणाले. मी एक्स्चेंजमधून दिवाणजींचे फोन ऐकावेत असा त्यांनी आग्रह धरला. मी स्पष्ट नाही म्हटलं. मग निदान धुळ्याहून पोलिसांचा फोन आला, ट्रक सापडला, असं खोटंच सांगत शेठच्या घरी धावत यावं. त्यालाही नाही म्हटलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सील मात्र लावत होते.

तेवढ्यात शेठने सत्यनारायण घातला. संकट टळावं म्हणून. आपण किती मोठ्या संकटात आहोत हे गावाला दिसावं, असंही असेल. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणायची आपल्याकडे कोणाची छाती नसते. भिकन आला नाही. लताही आली नाही. नाना, अक्का आणि मी गेलो. वाटेत नानांनी मला बजावलं, "मी स्वतःच सांगणार, ट्रक सापडला. तू फक्त दिवाणजीचा चेहरा पाहायचा. चष्म्याच्या खालचा भाग."

शेठच्या घरी आधीच हसाहशी चालली होती. शेठच्या बायकोचा भाऊ धुळ्याकडच्या नरडाण्याहून पहाटेच्या गाडीने आला होता आणि येताना त्याने भलीमोठी टोपली भरून केळी आणली होती. पिकलेली, पिवळीधमक. आता सावद्याला पाहुणा केळी घेऊन येतो हे कोणी ऐकलंय? गावातून रोज ट्रक नि वाघिणी भरून केळी बाहेर जातात. जातात मात्र कच्ची, हिरवी. पिवळी होतात ती दिल्लीकडे. "पाहुने, पुढच्या खेपेले तापीचं पानी घेऊन या," कोणीतरी म्हणालं. पाहुणा जाडजूड, भोळसट चेहऱ्याचा माणूस, तोही हसत होता. शेठ हसत नव्हते. त्यांनी टोपली आत न्यायला सांगितली, पण त्यांच्या बायकोने ती कौतुकाने चौरंगाशेजारीच मांडली. प्रसादाला केळी लागतातच आणि माझ्या भावाला बरोबर सुचलं, असं तिने चारचौघांत सांगितलं.

कथा सुरू झाली. साधुवाण्याचा अध्याय आला. नावेत धन भरलेलं असताना तो विचारणाऱ्याला सांगतो की नुसता पालापाचोळा आहे, आणि पाहतो तर खरंच पालापाचोळा. गुरुजी अगदी रंगात आले होते. ठरलं होतं प्रसादाच्या वेळी बोलायचं, पण नानांना धीर कुठला. ते मध्येच उभे राहिले आणि गाडी सुटायच्या वेळी फलाटावर ओरडावं तसे ओरडले, "ट्रक सापडला!"

नानांनी सांगितल्याप्रमाणे मी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी चष्मा काढला. दोन्ही डोळे लालभडक आणि त्यांतून पाणी वाहत होतं. हात जोडून ते म्हणाले, "देव पावला. भिकन सुटला." त्या भरलेल्या माजघरात भिकनसाठी रडणारा तो एकटा माणूस होता आणि नाना नेमके त्याच्याकडे बोट रोखून उभे होते.

आणि तेव्हा टोपलीजवळून पाहुणा शांतपणे, एखादा हिशोब चुकल्यावर सांगावं तसं, म्हणाला, "कसा सापडी? कुलूप तं मी सोता लायेल शे. किल्ली मन्हा खिसामा शे."

गुरुजींनी पोथीवरून मान वर केली. कुलूप याने स्वतः लावलंय आणि किल्ली याच्या खिशात आहे, हे अहिराणी न बोलणाऱ्यांनाही कळलं. शेठ घाईने म्हणाले, "तो त्याच्या गोडाउनच्या किल्लीचं म्हणतोय." पाहुण्याने खिशावर हात ठेवला आणि आता आपण काय बोललो हे त्याच्या हळूहळू ध्यानात येऊ लागलं.

नानांना यातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. ते अजून दिवाणजींना दरडावत होते, "बोला, रडलात कशाला?" शेवटी अक्कांनी त्यांचं धोतर ओढलं. "अहो, तिकडी काय पाहता? इकडी पाहा, पाहुना काय म्हनते ते."

नाना वळले. पण माणसाकडे पाहतील तर ते नाना कसले. त्यांची नजर पाहुण्याच्या पायाशी गेली, टोपलीच्या सोडलेल्या दोरीवर. ते खाली बसले, दोरी उचलली, डोळ्यांजवळ नेली. चांगली जाड दोरी, ताडपत्री बांधायची. तिच्या एका गाठीला लाल लाखेचा तुकडा चिकटलेला होता आणि त्या तुकड्यावर अर्धा ठसा होता.

"हे माझं आहे," नाना म्हणाले. "हे भिकनच्या गाडीचं सील आहे."

पुढचं सगळं पाहुण्यानेच सांगितलं, कारण त्याला खोटं जमतच नव्हतं. ट्रक जुना झाला होता. विम्याचे पैसे घ्यायचे, ट्रकचे सुटे भाग विकायचे, आळ ड्रायव्हरवर, असा शेठचा बेत. दुसरी किल्ली शेठनेच दिली होती. पाहुण्याने ट्रक ढाब्यावरून पळवून नरडाण्याच्या आपल्या बंद शेडमध्ये कोंडला. शेठने त्याला बजावलं होतं की केळी रातोरात नदीत फेकून दे. पण पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्याने सगळा माल एकदम पिकला. कुलूप काढलं की वासाने जीव वेडावायचा, आणि पाहुणा पडला शेतकऱ्याच्या घरचा. "दाजी, तुम्ही सांगं फेकी दे," तो शेठकडे पाहून रडवेल्या आवाजात म्हणाला, "पन सोनासारखा माल! जीव धजना नही. म्हनलं, देवना कामले तरी येवो." दोरीही चांगली होती, तीही त्याच्याने टाकवली नाही. चोरीचा बेत इतक्या विचाराने आखलेला होता, पण त्यात पिकलेला घड फेकून देईल असा माणूस लागत होता, आणि तसा माणूस साऱ्या खानदेशात धुंडून सापडला नसता.

मी तिथून धावत सुटले. भिकन ओट्यावर बसला होता, झेंडा मांडीवर. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने ट्रकचं विचारलं नाही, शेठचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "सगळ्यांच्या समोर सांगितलं का ताई?"

"सगळ्यांच्या समोर. पोथी चालू असताना."

तेव्हा तो रडला. लता आतून आली आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

नाना प्रसाद घेऊन आले ते मोठ्या खट्टू चेहऱ्याने. बंदोबस्त फसला होता, दिवाणजी निर्दोष निघाले होते. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून ते दिवाणजींची माफी मागून आले, आणि येताना मला म्हणाले, "तरी चष्मा संशयास्पद आहेच." भिकनच्या खोलीला त्यांनी पुन्हा कधी सील लावलं नाही. माझ्या खोलीला लावत राहिले. मी त्याबद्दल भांडले तेव्हा म्हणाले, "तुला मी अजून कितीसं ओळखतो?"

पोलिसांनी शेठवर खटला भरला आणि भिकनवरचा आळ गेला. दिवाणजींनीच खटपट करून भिकनला फैजपूरच्या एका व्यापाऱ्याकडे लावून दिलं. लताला मुलगी झाली. माझं लग्न ठरलं, बदली धुळ्याला झाली आणि सावदा सुटलं. पण दर वर्षी अक्कांची लोणच्याची बरणी मला येत असे, सील केलेली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भिकनचा एक्स्चेंजवर फोन आला. स्वतःचा ट्रक घेतला होता, पहिली खेप भरायची होती, "ताई, तुम्ही पाहिजेच." मी गेले. नाना ओट्यावर होते. फार थकले होते, मला पाहून म्हणाले, "एक्स्चेंज आलं." समोर नवा ट्रक केळीने भरून उभा होता, त्याला आंब्याचे डहाळे आणि झेंडूचं तोरण. ताडपत्री कसून बांधलेली. भिकनने दोरीची शेवटची गाठ मारली, घरात गेला आणि स्वतःच मेणबत्ती, लाखेची कांडी आणि पितळी ठसा घेऊन आला. मेणबत्ती पेटवून त्याने ती नानांपुढे धरली.

नाना उठले. भिकनच्या खांद्याचा आधार घेत ते गाठीपर्यंत गेले. गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग त्यांनी फुंकर घालून मेणबत्ती विझवली.

"नाना, सील?" भिकन म्हणाला.

"कशाला?" नाना म्हणाले. "ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे."

भिकन वाकून त्यांच्या पाया पडला आणि पटकन गाडीत चढला, बहुतेक तोंड लपवायला. दारातून अक्का म्हणाल्या, "मंग माह्या लोनच्याच्या बरणीले कायले लावता?" नानांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले, त्यांनी दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं, आणि हिरवा झेंडा उघडला.